तोर्गायची हरवलेली पाडसं

१

१५ मेच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वनरक्षक नुरपेइसला तोर्गायच्या माळावर पाच सायगा हरिणी मेलेल्या सापडल्या. सव्वानऊला त्याने जिल्ह्याच्या पशुवैद्य शार्बानू यांना फोन केला आणि नऊ-वीसला मला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला इतक्या लवकर कळवायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस ओळखीचे सगळे नंबर फिरवतो.

त्याच्या भीतीला कारण होतं. एका मे महिन्यात, असेच पाडसं जन्मण्याचे दिवस असताना, तीन आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा साथीत मेल्या होत्या. नुरपेइस तेव्हा नोकरीत नवा होता. त्याने ते तीन आठवडे खड्डे खणले होते. सायगाबद्दल बोलताना त्यानंतर तो कधी 'कळप' म्हणत नाही, 'उरलेल्या' म्हणतो.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वारा गार होता. पाचही माद्या मोजणीच्या जुन्या लोखंडी खांबाभोवती पंधरा पावलांच्या आत पडल्या होत्या.

"आपा, तीच साथ आहे का?" नुरपेइसने विचारलं.

शार्बानू आपा एकसष्ट वर्षांच्या आहेत. सिगारेट सोडल्यापासून वाळवलेल्या दह्याचे खडे चघळतात आणि तोंडात खडा असताना उत्तर देत नाहीत. त्या गुडघ्यांवर बसल्या, एका मादीचं लोंबतं नाक बाजूला करून तिचा जबडा उघडला. मग दुसरीचा. पाचही पाहून झाल्यावर खडा गालात सरकवला.

"हिच्या तोंडात अजून गवत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवता जेवता गेली. साथीतली सायगा जेवत नाही. आणि हे बघ, मागच्या पायाला आतून केस करपलेत. हिचेही. काल संध्याकाळी वीज कडाडत होती, तेव्हा तू कुठे होतास?"

"पलंगाखाली," नुरपेइस म्हणाला. मग त्याला अर्थ कळला. त्याने टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

मी वहीत 'वीज, साथ नव्हे' असं लिहून खाली रेघ मारली. बातमी संपली होती. पण शार्बानू आपा उठल्या नाहीत. त्या मेलेल्या माद्यांच्या कासा चाचपत होत्या.

"पाचही व्यायलेल्या. दातांवरून तीन जुन्या, दोन पहिलटकरणी. सड ओढलेले आहेत, दोन दिवस तरी दूध पाजलंय." त्यांनी मान वर केली. "मग यांची पाडसं कुठायत?"

२

सायगाचं पाडस पहिले तीन-चार दिवस आईमागे फिरत नाही. ते गवतात जमिनीला चिकटून पडून राहतं; आई लांब चरते आणि वेळ झाली की येऊन पाजून जाते. म्हणजे आयांवर वीज पडली तरी पाडसं शे-दोनशे पावलांवर सुखरूप असायला हवी होती.

आम्ही शोधलं. गवतात निजलेल्या अंगाचे ठसे होते, ताज्या लेंड्याही होत्या. पाडस एकही नव्हतं.

"लांडगा," मी म्हणालो.

"लांडगा एवढा टापटीप असतो का?" आपा म्हणाल्या. "रक्त नाही, केस नाही."

मग नुरपेइसला चिखलात चाकांच्या खुणा दिसल्या. दोन चाकं एका रेषेत, तिसरं बाजूला. बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल. आमच्या गावात तशी एकच आहे.

"तेमिरबोलात!" नुरपेइस ओरडला. "सुटून आठ महिने झाले नाहीत!"

तेमिरबोलातला तीन वर्षांपूर्वी नुरपेइसनेच पकडलं होतं, नर सायगाची शिंगं घेऊन जाताना. त्याची बातमी मीच लिहिली होती. आता तो मुदतीआधी, अटीवर सुटलेला होता; पुन्हा सायगाच्या प्रकरणात नाव आलं, तर उरलेली शिक्षा आणि वर नवी, दोन्ही भोगावी लागणार होती.

"मादीला शिंगं नसतात," आपा म्हणाल्या. "शिंगांच्या चोराला इथे काय मिळणार? आणि इकडे ये. गाडी इथे थांबली, इथे थांबली, तिथेही. प्रत्येक ठिकाणी चिखलात काय उमटलंय?"

नुरपेइस वाकला. "गुडघे."

"चोर गुडघे टेकतो का रे?"

साठेक पावलांवर तीन माद्या फिरत होत्या. एरवी जीप दिसली की सायगा क्षितिजापलीकडे जाते. या तिघी थोडं पळत, थांबत, मान खाली घालून हुंगत आणि पुन्हा तिथेच येत.

"विजेने बहिऱ्या झाल्या असतील," नुरपेइस म्हणाला. "बाकीच्या उरलेल्यांनी तर तोंड उत्तरेला केलंय. उद्या सकाळी इथे एक दिसणार नाही."

आपा त्या तिघींकडे माझ्या घड्याळाने चार मिनिटं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चल लवकर. आपल्याकडे आजचाच दिवस आहे."

"कशाला आजचाच?"

त्यांनी तोंडात खडा टाकला.

३

तेमिरबोलात घरासमोर बसून गवत कापायच्या यंत्राची पाती घासत होता. अंगात नुसता सदरा. मोटारसायकल भिंतीला टेकवलेली, लख्ख.

"गाडी धुतलीस?" नुरपेइसने विचारलं.

"धुतली. आता धुण्यालाही परवाना लागतो का?"

"चिखलाच्या दिवसांत कोण गाडी धुतं?"

"ज्याची गाडी चिखलात मळते तो."

"एवढ्या गारठ्यात कोट कुठाय तुझा?" हे शार्बानू आपांनी विचारलं, अगदी साधेपणाने.

पाती घासणारा हात थांबला. "धुतला, आपा."

"आज सगळंच धुतलंस म्हणायचं," नुरपेइस म्हणाला. "पाप तेवढं राहिलं. पहाटे कुठे होतास?"

"झोपलो होतो."

"कोण साक्षीला?"

"उशी."

नुरपेइसने त्याचा दंड धरला. तेमिरबोलातने सोडवून घेतला नाही. तो पांढराफटक पडला होता, आणि ज्याने काही केलं नाही असा माणूस इतका गप्प राहत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

"सोड त्याला," आपा म्हणाल्या. "दोरीवर कोट वाळत नाहीये, एवढं मी पाहिलं. पुरे आहे. गावच्या सभेत 'या नाकाड्यांना विष घालीन' असं कोण म्हणालं होतं?"

सगळ्या गावाला ते माहीत होतं. साग्यंदिक.

४

साग्यंदिकचं कुरण नदीच्या काठाने आहे. गेल्या दोन वर्षांत सायगा वाढल्या आणि ते कुरण त्यांच्या वाटेत आलं. गवत तुडवलं जाई, आणि साग्यंदिकचा आवाज प्रत्येक सभेत सगळ्यात वरचा असे. तुरुंगातून आलेल्या तेमिरबोलातला गावात कोणी काम दिलं नाही तेव्हा त्यानेच कापणीवर ठेवला होता. लोक म्हणत, स्वस्तात मिळाला म्हणून.

"या या, सरकार आलं, पेपर आला!" तो दारातच म्हणाला. "बायको, चांगली भांडी काढ. ते नाकाडे मेले म्हणे पाच? मोजायला चुकलात, आणखी हजारभर मरायला हवे होते."

"साग्यंदिक अगा, जीभ आवरा," नुरपेइस म्हणाला; थोरल्याला 'अगा' म्हणायचं रागातही सुटलं नाही. "मी लिहून घेतोय."

"लिही! ठळक लिही! आणि माझं कुरण कोणी खाल्लं, तेही लिही."

त्याची बायको बाल्झान हिने चटई अंथरली, उशा आणल्या, पिठाचे तळलेले गोळे, म्हणजे बाउरसाक, लोणी, मनुका, शहरातली चॉकलेटं, असं सगळं मांडलं. मग चहा ओतला. काळा.

आमच्याकडे पाहुण्याला काळा चहा देत नाहीत. दूध नसलेला चहा म्हणजे 'उठा आता' असं सांगणं. अंगणात दुभत्या बकऱ्यांचं वाडगं असलेल्या घरात तर तो अपमानच. मी पेला तोंडाला लावून खाली ठेवला. नुरपेइसने तेवढंही केलं नाही. बाल्झानची नजर चटईवर खिळली होती.

बाहेर करडं ओरडत होती. वीस-पंचवीस करडं दोरीला ओळीने बांधलेली, आणि वाडग्याचं दार बंद.

"बकऱ्या आज चरायला नाही सोडल्या?" आपांनी विचारलं.

"पाय दुखतायत त्यांचे," साग्यंदिक म्हणाला.

"सगळ्यांचे?"

"माझ्या बकऱ्या आहेत, एकमेकींचं पाहून दुखतात."

बाल्झानने दुसरा पेला पुढे केला. तिचे तळवे पांढरे होते. बोटांच्या पेरांना बारीक चरे पडलेले. आपांनी तो काळा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, तिचे आभार मानले आणि उठल्या.

५

जीपपाशी येईपर्यंत नुरपेइसने दम धरला. "अपमान केला! याला आणि तेमिरबोलातला, दोघांनाही घेऊन जातो. याने विष तयार ठेवलं असणार—"

"वीज पडली, नुरपेइस. विष विसर." आपा जीपच्या पायरीवर बसल्या. "पेपरवाले, तुम्हालाही अपमान वाटला?"

"काळा चहा दिला, आपा. त्याचा दुसरा अर्थ काय?"

"हाकलायचं असलेल्या पाहुण्याला कोणी चॉकलेटं काढतं का? घरातली सगळ्यात चांगली उशी देतं का? ती बाई शरमेने मान वर करत नव्हती. तिने काळा चहा दिला, कारण घरात दुधाचा थेंब नाही. मे महिन्यात. बकऱ्यांनी भरलेल्या घरात." त्यांनी बोट वाडग्याकडे केलं. "करडं भुकेली आहेत, म्हणजे दूध त्यांनाही मिळत नाही. बकऱ्या उघडीप असून आत कोंडलेल्या. आणि तिच्या तळहातांवर काय होतं?"

"पीठ?"

"पिठाने चरे पडतात? मीठ. परकं पिल्लू बकरीला लावायचं असेल तर आपण काय करतो?"

हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पिल्लाच्या अंगाला मीठ चोळायचं; बकरी ते चाटत राहते, आणि चाटता चाटता पिल्लू तिचं होतं.

नुरपेइस वाडग्याकडे पाहतच राहिला. "साग्यंदिक? तो?"

"तेमिरबोलात पहाटे कापणीला निघाला असेल, त्याला त्या पाच दिसल्या. तुझ्याकडे यायची त्याची छाती नव्हती. मेलेल्या सायगांशेजारी तो उभा दिसला असता, तर तू त्याचं ऐकून घेतलं असतंस?"

नुरपेइसने टोपी डोळ्यांवर ओढली.

"म्हणून तो ज्याने काम दिलं त्याच्याकडे गेला. पण दोघांनी एक चूक केली. मेंढपाळाचीच चूक. आपल्या कळपात एकटं, गप्प पडलेलं कोकरू दिसलं, तर ते टाकलेलं असतं, उचलायचंच असतं. सायगाचं एकटं, गप्प पडलेलं पाडस अगदी ठीक असतं. यांनी गवतात दिसेल ते उचललं. त्या तीन माद्या बहिऱ्या नाहीत, नुरपेइस. त्यांच्या कासा तट्ट भरल्यात. त्या आपली शोधतायत."

आपा उठून वाडग्याच्या दाराशी गेल्या. साग्यंदिक आधीच तिथे उभा होता, दोन्ही हात चौकटीवर पसरून. तेमिरबोलातही मागच्या वाटेने येऊन पोचला होता.

"चौदा आहेत ना?" आपांनी विचारलं.

साग्यंदिकचं तोंड उघडं राहिलं. "तुम्ही… दाराच्या फटीतून पाहिलंत?"

"हिशेब केला. तीन जुन्यांची जुळी, सहा. दोन पहिलटकरणींचं एकेक, आठ. बाहेर तिघी फिरतायत, जुळ्यांच्या असाव्यात. चौदा."

"मला काही माहीत नाही," साग्यंदिक म्हणाला. त्याचा सभेतला आवाज कुठेच नव्हता. तो नुरपेइसकडे नाही, तेमिरबोलातकडे पाहत होता. "या दाराआड माझ्या बकऱ्या आहेत. लंगड्या. जा तुम्ही."

तेव्हा मला कळलं, तो कोणाला लपवत होता.

६

"ऐक," शार्बानू आपा तेमिरबोलातला म्हणाल्या. "दार उघडलं नाही, तर आम्ही जातो. मी शपथेवर काही पाहिलेलं नाही. बकऱ्या चौदाही वाढवतील कदाचित. पण त्यातल्या सहांच्या आया जिवंत आहेत, आणि त्या रात्रीपर्यंतच थांबतील. कळप निघाला की आईला जावं लागतं. दार उघडलं, तर हा नुरपेइस इथे उभा आहे. त्याला लिहावं लागेल, आणि त्याचं तुला काय होईल ते तुला माहीत आहे. मी तुला काहीच सांगत नाही."

"सांगू नकाच," साग्यंदिक म्हणाला. "तू घरी जा रे. मी उचललीत ती. मी एकट्याने."

"तुम्हाला मोटारसायकल चालवता येत नाही, अगा," तेमिरबोलात म्हणाला.

"शिकेन!"

तेमिरबोलात थोडा हसला. मग नुरपेइससमोर उभा राहिला. "तेव्हा शिंगांसाठी मी मारल्या. मोजून अकरा. तू चार पकडल्यास. आज पहाटे त्या पाच दिसल्या आणि मला वाटलं, आता निदान यांची तरी… मला काय माहीत त्यांतल्या काहींच्या आया जिवंत आहेत म्हणून. लिही तू." त्याने साग्यंदिकचा हात चौकटीवरून हळूच काढला आणि कडी सरकवली.

आत अंधारात बाल्झान कोपऱ्यात बसली होती. मागच्या दाराने केव्हा आत गेली कळलं नव्हतं. ती बकरीच्या कानाशी लागून अगदी हळू आवाजात गात होती, परकं पिल्लू घे म्हणून बकरीला ऐकवतात ते गाणं. तिच्या मांडीशी तेमिरबोलातचा कोट पसरलेला, आणि त्यावर मांजराएवढी, पाय दुमडलेली पाडसं, एकमेकांच्या पाठीवर ते मऊ वाकडं नाक टेकवून निजलेली.

नुरपेइसने मोजली. दोनदा. चौदा.

७

कोणती सहा, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नव्हतं. म्हणून चौदाही नेली. आठ जीपमध्ये, सहा मोटारसायकलच्या डब्यात. दुपारी पावणेतीनला खांबाजवळ पोचलो. माणसाचा वास झाकायला आपांनी सगळ्यांना हातांवर रानदवणा चुरून चोळायला लावला. पाडसं गवतात दोन-दोन हात अंतरावर ठेवली आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीनशे पावलांवर, जीपमागे आडवे पडून राहिलो.

पहिली मादी वीस मिनिटांत आली. एकेक हुंगत गेली, तीन सोडली, चौथ्यापाशी थांबली. पाडस उठून तिच्या पोटाखाली शिरलं. लगेच दुसरंही मिळालं. दुसरी मादी साडेतीनला आली.

तिसरी आली, हुंगलं आणि मागे फिरली.

"बकरीचा वास," तेमिरबोलात कुजबुजला. "आणि मीठ. माझ्यामुळे."

"गप," साग्यंदिक म्हणाला. "अजून गेली नाहीये."

ती दोनदा येऊन परत गेली. उत्तरेला कळप हलायला लागला होता. क्षितिजाजवळची पिवळट रेघ सरकताना दिसत होती. मादीने तिकडे पाहिलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी ती तिकडे चालू लागली.

मी आयुष्यभर वेळा टिपत आलो आहे. ती नोंद करताना पेन्सिल मोडली. साग्यंदिकने तोंड मनगटात खुपसलं होतं.

तेवढ्यात गवतातून एक पाडस उठलं. चारही पाय चार दिशांना. ते ओरडलं, बारीक, खरखरीत, एकदाच. मादी जागच्या जागी वळली. पाडस पुन्हा ओरडलं, आणि पलीकडून दुसऱ्याने साद दिली. ती पळत आली. या वेळी तिने हुंगलंही नाही.

पाचच्या सुमारास तिघी आणि त्यांची सहा, थांबत, पाजत, कळपाच्या कडेला लागल्या. आठ पाडसं गवतात उरली. त्यांच्याकडे कोणी आलं नाही.

नुरपेइसने जीपच्या बॉनेटवर पंचनाम्याचा छापील कागद पसरला. तेमिरबोलात त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, हात पुढे करून, जणू बेड्याच घालायच्या होत्या.

"हात खाली कर, मला लिहू दे," नुरपेइस म्हणाला. तो मोठ्याने वाचत लिहीत होता. "मृत माद्या पाच, कारण वीज. उचललेली पाडसं चौदा. उचलणारा—" त्याने थांबून तेमिरबोलातचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. "त्याच दिवशी स्वतः परत आणली चौदा. आईला मिळाली सहा. अनाथ आठ, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली साग्यंदिकच्या वाडग्यात. आपा, इथे सही." आपांनी सही केली. "शेवटचा रकाना. हरवलेली किंवा मेलेली पाडसं, संख्या." त्याने शून्य काढलं, आणि ते नीट गोल दिसावं म्हणून पुन्हा गिरवलं.

"म्हणजे?" तेमिरबोलातने विचारलं.

"म्हणजे मी सगळं खरं लिहिलंय. वरचे साहेब विचारतील, नुकसान काय? मी म्हणेन, वाचा शेवटचा रकाना. शून्यावर खटला उभा करायचा असेल तर साक्षीला मला बोलवावं लागेल." त्याने कागदाची घडी केली. "आणि मी काय पाहिलं ते मी सांगेन. सगळं. तासाभर लागेल सांगायला."

तेमिरबोलातने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली. ती दोनदा गवतात पडली. साग्यंदिकने ती उचलली. तेमिरबोलातला खांद्याला धरून डब्यात बसवलं, आठ पाडसं एकेक करून त्याच्या मांडीवर दिली, वरून कोट घातला.

"तुम्हाला चालवता येत नाही, अगा!"

"मघाशी म्हणालो ना, शिकेन म्हणून. गप बस, आणि त्या नाकाड्यांची डोकी आत घे. वारा लागेल."

गावापर्यंत चौदा किलोमीटर. सहा वाजता माझा अंक छपाईला जायचा होता. साग्यंदिक प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होता, उतरून खोली पाहत होता, पुन्हा चढत होता. मागे जीपमध्ये नुरपेइसने दुसरा गिअर टाकलाच नाही, आणि मीही त्याला घाई कर म्हणालो नाही.